निष्कर्षाला गुण नाहीत

आमच्या शाळेत कुणाला नवी कल्पना सुचली की पहिला घाव गणिताच्या तासावर बसतो. गायनाची स्पर्धा असो, मुलांची वजनं करायची असोत, पाहुणे येणार म्हणून पटांगण झाडायचं असो, "तुमचा एक तास देता का, सर?" हे वाक्य मी अठ्ठावीस वर्षं ऐकत आलो आहे. त्यामुळे मोठ्या बाई, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका, स्टाफरूममध्ये येऊन म्हणाल्या की या सत्रात नववीला सगळ्याच विषयांतून तापमानवाढ शिकवायची, तेव्हा माझ्या कपाळाला आठ्या पडल्या त्या निव्वळ सवयीने.

"तो भूगोलाचा धडा आहे ना, बाई? भूगोलवाले शिकवतील की."

"पृथ्वी काय फक्त भूगोलाच्या तासाला तापते का, सर?" बाई म्हणाल्या. सगळे हसले. मीही हसलो, कारण बाईंच्या विनोदाला न हसणं माझ्या नोकरीत बसत नाही.

ठरलं ते असं. चार-चार मुलांचा एक गट, गटाची एक वही, वहीत पाच विषयांचे पाच भाग. भाषेत पत्र लिहायचं, इतिहासात शाळेची जुनी दप्तरं धुंडाळायची, भूगोलात परिसराचा नकाशा काढायचा, विज्ञानात उष्णतेचा शरीरावर काय परिणाम होतो ते मोजायचं आणि गणितात त्या सगळ्या आकड्यांचा आलेख काढून पुढचा अंदाज बांधायचा. प्रत्येक भागाला दहा गुण. शेवटी एक पान निष्कर्षाचं. त्या पानाचे गुण कुणी द्यायचे हे ठरवायचं राहून गेलं, आणि शाळेत ज्याला गुण नाहीत ते कुणी वाचत नाही. मुलं वाचत नाहीत आणि मास्तर तर नाहीतच.

त्यात मी माझी अक्कल चालवली. आमच्या भाषेच्या बाई फार हळव्या. कुणी आटलेल्या विहिरीचं मनोगत लिहिलं की त्यांच्या डोळ्यांत पाणी, आणि वहीवर साडेनऊ. ते साडेनऊ बघून पुढच्या शिक्षकाचा हात सैल सुटतो. म्हणून मी सुचवलं की वही ज्याच्याकडे जाईल त्याने आपलाच भाग तपासायचा, बाकीची पानं काळ्या क्लिपांनी बंद ठेवायची. सगळ्यांना ते पटलं, कारण त्यात सगळ्यांचंच काम कमी होत होतं. पंचेचाळीस वह्या पाच टेबलांवरून फिरल्या आणि एकानेही कुठलीही वही सलग वाचली नाही.

मला मुलं मागून 'पायरी सर' म्हणतात. उत्तर बरोबर असलं तरी मधली पायरी गाळली तर मी अर्धा गुण कापतो. हे नाव पाडणारी पोरं कोण ते मला माहीत नाही, पण घरात ते नाव घेऊन माझ्या तोंडावर हसणारी एकच होती, माझी भाची. ताई दुसऱ्या शहरात नर्स आहे, तिच्या पाळ्यांचा काही नेम नसतो, म्हणून ही सहा वर्षांची असल्यापासून माझ्याकडे. माझं लग्न झालं नाही, तो विषय वेगळा. जन्मली तेव्हा इतकी ओरडली की आम्ही तिला टिटवी म्हणू लागलो, आणि पंधरा वर्षांची झाली तरी ते नाव काही सुटलं नाही. घरी मी मामा आणि तू, शाळेत मी सर आणि तुम्ही. घरी तिने 'सर' म्हटलं की समजायचं, बाईसाहेबांचा पारा चढलाय.

आता हॉलबद्दल सांगतो, कारण सगळं तिथेच घडलं. आमचा परीक्षेचा हॉल सर्वांत वरच्या मजल्यावर. डोक्यावर पत्रे, आठ खिडक्या, सहा पंखे, त्यातले दोन नुसते गरगरतात, वारा देत नाहीत. तीन वर्षांपूर्वी खालून दोरीला बांधून उत्तरांच्या चिठ्ठ्या वर चढवायचा प्रकार उघडकीला आला आणि शाळेची पुरती अब्रू गेली. परीक्षाप्रमुख मी. मी दुसऱ्या दिवशी सुतार बोलावला, आठही खिडक्यांना स्क्रू मारून घेतले आणि वरून रंग फासला. तेव्हापासून आमच्या हॉलमध्ये कॉपीचं एकही प्रकरण नाही. हे मी मिशीला पीळ देऊन सांगत असे. पाण्याच्या बाटल्याही बंद केल्या, कारण लेबलाच्या आतल्या बाजूला सूत्रं लिहिलेली मी स्वतः पकडली होती. तहान लागली तर हात वर करायचा, शिपाई पाणी आणून देईल.

सकाळी इमारतीत लहान मुलांची शाळा भरते, त्यामुळे नववीची वार्षिक परीक्षा अकरा ते दोन. महिना वर्षातला सगळ्यांत उन्हाचा. मुलं एकशेऐंशी, आणि त्यांत चौथ्या रांगेत टिटवी. आजवर कोणाला काही झालं नव्हतं, निदान मला तसं वाटत होतं.

वह्या माझ्याकडे आल्या त्या सगळ्यांत शेवटी. टिटवीच्या गटाची वही उघडली आणि मी वैतागलो. बाकीच्या गटांनी जगाचे आकडे घेतले होते, हिमनद्या, समुद्र, असं सगळं छान लांबचं. यांनी हॉल घेतला होता. सराव परीक्षेच्या वेळी वर नव्वदच मुलं होती, दिवसही फार तापलेला नव्हता. यांनी विज्ञानाच्या बाईंकडून दोन थर्मामीटर मागून घेतले, एकाच्या टोकाला ओलं फडकं गुंडाळलं, आणि दर दहा मिनिटांनी दोन्हींचे आकडे टिपले. ओला थर्मामीटर तासाभरात दोन अंशांनी वर चढला होता. मग मुलं दुप्पट, वेळ तिप्पट, बाहेरचं ऊन वार्षिक परीक्षेच्या महिन्याचं, असं सगळं धरून यांनी रेघ पुढे ओढली होती. उत्तर, गणिताच्या पेपरच्या दिवशी, तीन तास संपायच्या कितीतरी आधी, सव्वाबारालाच ओला थर्मामीटर चौतीस अंश.

चौतीस म्हणजे काय हे मला माहीत नव्हतं. ते विज्ञानाच्या भागात होतं आणि विज्ञानाच्या भागाला क्लिप होती. मला एवढंच दिसलं की आकडा फार मोठा आहे आणि रेघ मोजलेल्या जागेच्या कितीतरी पुढे गेली आहे. मी लाल शाईने तिरकी रेघ मारली आणि लिहिलं, 'उत्तर व्यवहारात शक्य नाही. पुन्हा तपासा.' दहापैकी सहा. गणित शेवटचा भाग होता, त्यामुळे निष्कर्षाचं पान माझ्याच हाताखाली आलं. हाताने आपोआप लिहिलं 'पाहिले', खाली सही, खाली तारीख. पंचेचाळीस वह्यांवर लिहिलं तसंच. डोळ्यांनी त्या पानावरचं एक अक्षर वाचलं असेल तर शपथ.

त्या दिवशी वह्या मुलांना गुण बघण्यापुरत्या दिल्या आणि परत घेतल्या. घरी आलो तर टिटवी भाजी चिरायची सुरी आपटत होती.

"सर, एक विचारू?"

"विचार."

"पायरी कुठली चुकली?"

"पायरी चुकली नाही. उत्तर फार मोठं आहे."

"मोठं म्हणजे चूक?"

"अगं, रेघ जिथपर्यंत मोजलंय तिथपर्यंतच खरी. पुढे ती कशीही वळेल. तू तासाभराचं मोजलंस आणि तीन तासांचं सांगतेस. उद्या म्हणशील, मी वर्षाला चार बोटं वाढले, म्हणजे पन्नाशीला माझं डोकं छपराला लागेल."

एरवी ती या असल्या विनोदावर खिदळली असती. तिने पुढचा बटाटा ओढून घेतला.

"आणि शेवटचं पान? ते पाहिलंस?"

"सही आहे ना त्याच्यावर?"

"आहे."

"मग?"

"मग काही नाही."

त्यानंतर टिटवी त्या विषयावर एक शब्द बोलली नाही. मी मनात म्हटलं, चला, पोरीला गणितातली मर्यादा कळली. मला बरं वाटलं. आज त्या बरं वाटण्याची लाज वाटते.

पहिला पेपर भाषेचा. आभाळ भरून आलं होतं, सगळं निभावलं. दुसरा इतिहासाचा. त्या दिवशी तीन मुलांना उलट्या झाल्या. आम्ही एकमेकांना सांगितलं की बाहेरचं काहीतरी खाल्लं असेल. एका मुलीच्या आईने फोन करून विचारलं, वर हवा येते का हो? मोठ्या बाईंनी फोन माझ्या हातात दिला. मी म्हणालो, सहा पंखे आहेत, तुम्ही काळजी करू नका. खोटं काहीच बोललो नाही. पंखे सहाच होते.

तिसरा पेपर गणिताचा. त्या दिवशी सकाळपासूनच उन्हाचं लक्षण ठीक नव्हतं. आठ वाजता दाराची कडी हाताला भाजली. रस्त्यावर कुत्री गटारात अंग टाकून पडली होती. हवा हलत नव्हती, पण कोरडीही नव्हती, अंगाला चिकटत होती. टिटवीने दोन बाटल्या भरून दप्तरात ठेवल्या. मी त्या बाहेर काढल्या.

"मामा, लेबल काढलंय मी. बघ."

"नियम म्हणजे नियम. माझ्याच घरातल्याने मोडला तर मला तोंड दाखवायला जागा राहील का?"

"सगळ्यांनाच आणू दे ना मग."

"पेपर झाल्यावर बोलू."

तिने बाटल्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "बरं, सर," म्हणाली आणि चपला घातल्या.

ज्याच्या विषयाचा पेपर त्याने हॉलमध्ये पाऊल टाकायचं नाही, हाही आमचा जुना नियम. त्यामुळे मी हॉलच्या बरोबर खाली, कार्यालयात. अकराला घंटा झाली, वरचे पाय थांबले. मोठ्या बाई आपल्या खोलीत, मी क्लार्कच्या समोर. भिंत इतकी तापली होती की खुर्ची पुढे ओढून बसलो. क्लार्क वह्यांच्या गुणांची बेरीज करत होता. बाराच्या सुमाराला त्याने एक वही माझ्यापुढे सरकवली.

"सर, हे तुमचं सहा आहे का नऊ? बाकीच्यांनी सगळ्यांनी नऊ, साडेनऊ दिलेत. तुमचा आकडा काही लागत नाही."

टिटवीच्या गटाची वही होती. बेरजेसाठी त्याने क्लिपा काढून टाकल्या होत्या. सहाच आहेत, असं म्हणून मी ती परत देणार होतो. पण बाकीच्यांनी साडेनऊ दिले कशाला, या रागाने मी पहिलं पान उघडलं.

भाषेच्या भागात पत्र होतं, 'माझ्यानंतर याच बाकावर बसणाऱ्या मुलीला'. मी ते ओलांडून पुढे गेलो. इतिहासाच्या भागात आजारी मुलांच्या नोंदवह्या होत्या, एकतीस वर्षांच्या. चक्कर आल्याच्या दोनशे चौदा नोंदी यांनी मोजल्या होत्या. त्यातल्या एकशेएकोणनव्वद गेल्या नऊ वर्षांतल्या, आणि बहुतेक सगळ्या वरच्या हॉलमधल्या, बारा ते एकमधल्या. खाली मोठ्या अक्षरात, 'खिडक्या बंद झाल्यापासूनच्या वेगळ्या रंगात दाखवल्या आहेत.' तो रंग पानभर होता. भूगोलाच्या नकाशात मागची झाडं तोडून केलेला गाड्यांचा तळ आणि वारा अडवणारी शेजारची नवी इमारत. मग विज्ञान. घाम सुकला तरच अंग थंड होतं. हवेत ओल भरली की घाम सुकत नाही. ओला थर्मामीटर बत्तीस-तेहतीसच्या वर गेला की धडधाकट माणूसही नुसता बसल्या जागी तापायला लागतो, पंखा फिरत असला तरी. शेवटी घाम यायचाच थांबतो, कातडी कोरडी आणि कढत होते, माणूस भ्रमल्यासारखं करतो. त्याच्यापुढे फार वेळ नसतो.

आता मला कळलं चौतीस म्हणजे काय. ते पान मी सहा आठवड्यांपूर्वी हातात धरलं होतं, क्लिप लावलेलं.

मग माझी तिरकी लाल रेघ आली, आणि मग निष्कर्ष. टिटवीचं अक्षर. वर तक्ता होता. पहिल्या ओळीत लिहिलं होतं, 'या वर्षी, गणिताचा पेपर, १८० मुलं, खिडक्या बंद. सव्वाबाराच्या सुमाराला चौतीस. काही मुलं पडतील. जी पडणार नाहीत ती गप्प होतील. गप्प झालेल्यांना आधी बघा. उपाय : खिडक्या उघडा, पाणी जवळ ठेवू द्या.' पानाच्या तळाशी, माझ्या वळणदार अक्षरात, 'पाहिले'.

घड्याळात बारा वाजून अकरा मिनिटं झाली होती. वरून काहीच आवाज येत नव्हता. एकशेऐंशी मुलं डोक्यावर असली की छत जिवंत असतं, बाक सरकतात, कुणी खोकतं, पेन पडतं. मी क्षणभर वर बघत उभा राहिलो. मग धावलो.

जिन्यात हॉलवरच्या दोन पर्यवेक्षकांपैकी एक बाई पायरीवर बसल्या होत्या, कपाळ भिंतीला टेकून. "मला जरा कसंतरी झालं म्हणून खाली..." एवढंच म्हणाल्या. हॉलच्या दाराशी, उंबऱ्याच्या बाहेर खुर्ची ओढून दुसरे पर्यवेक्षक, आमचे चित्रकलेचे सर, वहीने वारा घेत होते.

"या सर. नियम मोडलात की हो आज," ते हसून म्हणाले. "काय गुणी मुलं आहेत पण! अर्धा तास झाला, एकाने पाणी मागितलं नाही. हूं की चूं नाही."

मी दार पूर्ण उघडलं. आतली हवा तोंडावर आली ती ओल्या गरम फडक्यासारखी. सगळी मुलं आपापल्या जागेवर होती. काहींनी बाकावर डोकं टेकलं होतं. काही ताठ बसून समोर बघत होती, फळ्याकडे, जिथे काही लिहिलेलं नव्हतं. एक मुलगा पेन हातात धरून उत्तरपत्रिकेबाहेर, बाकाच्या लाकडावर लिहीत होता. दार उघडल्यावर एकानेही मान वळवली नाही. मी अठ्ठावीस वर्षं ज्या शांततेसाठी ओरडलो ती शांतता माझ्यासमोर होती.

"उठा! सगळे बाहेर!" मी ओरडलो. पहिल्या रांगेतली तीन-चार उठली. बाकीच्यांना ऐकूच गेलं नाही.

खिडकीशी गेलो. स्क्रूच्या खाचा रंगाने बुजलेल्या. मीच बुजवून घेतल्या होत्या, कुणाला नाणं घालूनही फिरवता येऊ नयेत म्हणून. नख घातलं, किल्ली घातली, हात रक्ताने भरला. मग पर्यवेक्षकाचं लोखंडी स्टूल उचललं आणि काचेवर घातलं. एक, दोन, तीन. चित्रकलेचे सर "अहो, अहो, काय करताय?" करत आले, आणि मग त्यांना मुलांचे चेहरे दिसले. त्यांनी खुर्ची उचलली. मोठ्या बाई आवाज ऐकून धापा टाकत वर आल्या, "वेड लागलंय का सर तुम्हाला!" म्हणाल्या, आणि तेवढ्यात दुसऱ्या रांगेतली एक मुलगी बाकावरून सरळ खाली घसरली. बाईंनी तिला झेललं आणि दाराबाहेर ओढत नेलं.

टिटवी चौथ्या रांगेत ताठ बसली होती. मी तिचा हात धरला. हात कोरडा होता. सगळ्यांची अंगं निथळत होती आणि तिचा हात कोरडा, तव्यासारखा. उत्तरपत्रिकेवर तिने आपला बैठक क्रमांक लिहिला होता, त्याच्याखाली पुन्हा तोच, त्याच्याखाली पुन्हा, पानभर.

"सर," ती माझ्या खांद्यापलीकडे कुठेतरी बघत म्हणाली, "पुरवणी मिळेल?"

मी तिला उचलली. पाच वर्षांत तिला उचललं नव्हतं. जिना उतरताना मी काय काय बडबडत होतो ते मला आठवत नाही. शिपाई सांगतो की मी मोठ्याने रडत होतो.

सगळी मुलं वाचली. अकरा जणांना दवाखान्यात न्यावं लागलं, संध्याकाळपर्यंत आठ घरी गेली. डॉक्टर म्हणाले, आणखी पंधरा-वीस मिनिटं गेली असती तर वेगळं बोलावं लागलं असतं. ताई निघाली होती, पोहोचायला उशीर होता. टिटवीच्या हाताला सलाईन, कपाळावर ओली पट्टी. खिडकीतून अजून ऊन येत होतं. तिने डोळे उघडले तेव्हा मी तिच्या पायाशी बसलो होतो, बोटांना पट्ट्या बांधून.

"मामा," ती म्हणाली. सर नाही म्हणाली. माझ्या जिवात जीव आला.

"तुला कळत होतं ना सगळं," मी म्हणालो. "मग तू बोलली का नाहीस? उठून बाहेर का नाही आलीस?"

"पहिल्या पेपरला वर गेले तर खिडक्या बंदच. मला वाटलं, तू वाचलंयस. सही आहे. वाचून तू बंद ठेवल्यास म्हणजे माझंच काहीतरी चुकलं असणार. तुला पायरी दिसते ती मला दिसत नाही. म्हणून बसले."

मी एवढंच म्हणालो, "मी वाचलं नव्हतं गं."

"आणि सही?"

"हात करतो. सवयीने."

ती रागवेल असं वाटलं. रागवावी अशी इच्छा होती. पण ती दुसऱ्याच विचारात होती.

"म्हणजे गणित बरोबर होतं?"

"बरोबर होतं. तू सव्वाबारा म्हणालीस, सव्वाबाराच झाले होते. दहापैकी दहा."

मला वाटलं, निदान याने ती हसेल. तिचा चेहरा उतरला. ती उशीवर जरा वर सरकली.

"मग खालच्या ओळी?"

"कुठल्या खालच्या?"

"तक्त्यातल्या. तू पहिली ओळच वाचलीस का?"

वही माझ्या पिशवीत होती. धावताना काखोटीला मारली होती, ती दिवसभर माझ्याबरोबरच फिरली. उघडली. पहिल्या ओळीखाली आणखी तीन होत्या, दर वर्षी वाढत जाणारं बाहेरचं ऊन धरून काढलेल्या. सहा वर्षांनी, मुलं तेवढीच, खिडक्या उघड्या, पंखे चालू, तरी तेहतीस. बारा वर्षांनी, हॉल नाही, तळमजला, सगळी दारं उघडी, चौतीस. एकोणीस वर्षांनी, इमारत नाही, पटांगण, झाडाची सावली, चौतीस. उपायाच्या रकान्यात पहिल्या ओळीपुढे 'खिडक्या उघडा' होतं. शेवटच्या ओळीपुढे तिने काही लिहिलं नव्हतं. खोडलेलंही नव्हतं, तो रकाना कोराच होता.

मी मनात बेरीज केली. दुसरं काय येतं मला? तेव्हा ती चौतीस वर्षांची असेल. मूलबाळ झालं तर शाळेत जाणारं असेल.

"हे बघ," मी म्हणालो, "मी सांगितलं होतं ना तुला, रेघ मोजलंय तिथपर्यंतच खरी. पुढे ती वळू शकते."

"आजचंसुद्धा मोजलेल्याच्या पुढचंच होतं, मामा."

बाहेर कुणीतरी बादली ठेवली. ती माझ्याकडे बघत होती, लहानपणी अंधाराला घाबरून बघायची तशी.

"चूक शोध ना," ती म्हणाली. "तुला नेहमी सापडते. कुठेतरी असेलच. एखादी पायरी गाळली असेल मी, नाहीतर दशांशचिन्ह. तू नीट बघ. मी नाही चिडणार."

मी चष्मा पुसला आणि पेन काढलं. पहिल्या आकड्यापासून सुरुवात केली, प्रत्येक गुणाकार समासात पुन्हा करून पाहिला. हयातभर मी मुलांच्या चुका शोधत आलो, पण चूक असावी म्हणून असा जीव कधी टाकला नव्हता. ती उशीवरून माझ्या तोंडाकडे बघत होती. शेवटच्या ओळीपर्यंत मी दोनदा जाऊन आलो. मग तिला कळू नये म्हणून तिसऱ्यांदा पहिल्यापासून तपासायला लागलो.